रामटेकेबाईंचा समुद्र

आमच्या चित्रकला विद्यालयात शिरताना चपला काढल्या नाहीत तरी चालत असे, पण खोडरबर मात्र दाराशी काढून ठेवावं लागे. त्यासाठी चौकटीच्या खिळ्याला बिस्किटांचा रिकामा पत्र्याचा डबा टांगलेला होता. पहिल्या दिवशी मी आत शिरलो, तोच गोल चेहऱ्याची, ठेंगणी, अंबाड्यात पेन्सिल खोचलेली एक बाई आडवी आली.

"भाऊ, खिसा दाखवा."

"मी नवीन शिक्षक आहे. अक्षरलेखन शिकवायला आलोय."

"मास्तर हाये म्हणून काय झालं? मास्तर जास्त पुसते."

माझ्या खिशात दोन खोडरबरं निघाली. एक पांढरं, एक शाईचं. बाईंनी दोन्ही डब्यात टाकली, झाकण दाबून बसवलं आणि मगच "या, चहा घ्या" म्हणाल्या. त्या विद्यालयाच्या प्राचार्या होत्या, हे मला चहा अर्धा झाल्यावर कळलं.

रामटेकेबाईंचा खोडरबरावरचा राग वर्षानुवर्षं जपलेला होता. त्यांचं एक वाक्य विद्यालयातल्या पालींनासुद्धा पाठ झालं असेल: "चुकीची रेघ पुसाची नाई. तिच्या बाजूनं बरोबर रेघ काढाची. मंग पाह्यणाऱ्याले समजते, तू कुठून कुठी आला ते." नवी मुलं सुरुवातीला रडकुंडीला येत. एकेका कागदावर एका मडक्याच्या सात-सात कडा दिसत. महिना-दोन महिन्यांनी कडा कमी होत आणि मडकं आपोआप उभं राहत असे. पुसता येणार नाही म्हटल्यावर हात बेतानं चालतो, एवढं साधं गणित होतं ते. माझ्यासारख्या फूटपट्टीच्या माणसाला ते पटायला वेळ लागला, पण पटलं.

विद्यालय चंद्रपूरच्या वेशीवरच्या एका बंद पडलेल्या धानगिरणीत भरे. गिरणीचं जोतं उंच, दारं बैलगाडी आत जाईल एवढी, आणि भिंतींना कोंड्याचा वास मुरलेला. मुलांचे कागद, कपडे, डबे, सगळ्यांना तोच वास. बाई म्हणत, "बाहेरच्याइले रंगाचा वास येते, आपल्याले भाताचा. आपलं पोट अगोदर भरते." या गिरणीत चित्रकला शिक्षकाचा अभ्यासक्रम चाले आणि धानोऱ्यापासून कोरपन्यापर्यंतची मुलं-मुली तिथे येत. बाईंचे वडील धम्मदीक्षेनंतर गावोगावच्या विहारांच्या भिंतींवर निळी अक्षरं रंगवत फिरायचे. ब्रश धरायला बाई तिथेच शिकल्या. माझं एखादं अक्षर वाकडं गेलं की त्या माझ्यामागे उभ्या राहून नुसतं "हं" म्हणत. तो "हं" वडलांकडून आलेला होता, हे मी ओळखून होतो.

बोलण्याचं सांगायचं तर, बाई सगळ्यांशी एकाच बोलीत बोलत. शिपाई असो, संस्थेचे अध्यक्ष असोत की मुंबईचा साहेब असो. एकदा अध्यक्षांनी जरा शुद्ध बोला असं सुचवलं, तर म्हणाल्या, "तुमाले समजून राह्यलं न? मंग झालं."

महिन्यातून एकदा आम्ही सगळे एस.टी.नं चामोर्शीच्या आठवडी बाजाराला जायचो. बाजार रेखाटायला नव्हे. बाजार रेखाटायला बाईंची सक्त मनाई होती. "बाजार कोणालेच दिसत नाई. बाजारातलं एक दिसते. ते एक धरा." मग त्या शेतकऱ्यानं बांध वाटून द्यावेत तसा बाजार वाटून द्यायच्या. एकाला बैलांचे पाय, एकाला तराजू धरलेले हात, एकाला हजामाच्या पाटाभोवतीची माणसं. यशोदा शेंडे म्हणून एक मुलगी होती. घरचे लोक गावच्या तलावात मासळी धरणारे, आई बाजारात सुकी मासळी विकायची. तिला बाईंनी मासळीची ओळ दिली. यशोदा नाराज झाली. तिला बांगड्यांची दुकानं हवी होती.

"आमच्या घरी रोज मासोळीच पायतो न बाई."

"पायते का फक्त खाते?" बाई म्हणाल्या. "जाय, बस मायच्या बाजूनं."

दोन मुलं चुकून एकाच म्हातारीसमोर बसलेली दिसली की बाई लांबूनच ओरडायच्या, "अरे, म्हातारी एक, डोये चार! बाकीचा बाजार काय मेला का?" साऱ्या बाजाराला बाई ठाऊक झाल्या होत्या. मिरचीवाली त्यांना बघून पदर सारखा करून बसायची आणि बाई तिला म्हणायच्या, "तसं नोको बसू बाई, लगनाले आल्यासारखं."

विद्यालयाच्या कीर्तीची त्यांची कल्पनाही वेगळीच. शिकून बाहेर पडलेल्यांचे फोटो लावून एक 'यशस्वी विद्यार्थी' फलक करावा, अशी संस्थेची फार इच्छा. बाईंनी फलक केला, पण फोटो एकही लावला नाही. कुणी नोकरीला लागून पेढे घेऊन आला की त्या पेढा खात आणि सांगत, "तुहं कवतिक मले समजलं. आता तुह्या शाळेतल्या पोट्ट्याचं एक चित्र पाठव." अशी चित्रं भिंतीवर लागत आणि खाली बारीक अक्षरात आमच्या विद्यार्थ्याचं नाव. ती बारीक अक्षरं माझ्या हातची. कोरपन्याहून आलेल्या एका चित्रात कापसाच्या गाड्या होत्या आणि मागे सिमेंटच्या कारखान्याचा जांभळाजर्द धूर. अध्यक्षांनी विचारलं, धूर जांभळा का? बाई म्हणाल्या, "पोट्ट्यानं पाह्यला असन तसा. तुमी-आमी रोज पाहून राह्यलो, आपल्याले काळाच दिसते. मंग कोणाचे डोये चांगले?" माझ्या मते ती भिंत हेच आमच्या विद्यालयाचं खरं प्रमाणपत्र होतं. सरकारला मात्र दुसरंही लागत होतं, आणि त्यातच आम्ही एकदा फसलो.

त्या वर्षीच्या शासकीय परीक्षेत स्मरणचित्राला विषय आला: 'समुद्रकिनारी संध्याकाळ'. स्मरणचित्र म्हणजे समोर काही न ठेवता आठवणीतून काढायचं चित्र. मुलं हसत बाहेर आली, पेपर सोपा गेला म्हणाली. निकालाच्या दिवशी मात्र आमच्या केंद्रासमोर दोनच शब्द होते, 'राखून ठेवला'. मागून पत्र आलं की स्मरणचित्रात सामूहिक नक्कल झाल्याचा संशय आहे, दिवाळीनंतर चौकशी समिती येईल आणि आरोप खरा ठरल्यास विद्यालयाची मान्यता काढून घेण्यात येईल.

यशोदाला धानोऱ्याकडच्या एका आश्रमशाळेनं जागा देऊ केली होती. निकाल हाती आल्याशिवाय तिला रुजू करून घेता येईना. बाकीच्यांचीही कमी-अधिक तीच गत. गावात लोक आडून विचारू लागले, "काऊन, तुमच्या बाईनं पेपर फोडला म्हणते?" मला संताप यायचा. बाई मात्र वर्ग घेत राहिल्या. फक्त त्या दिवसांत "नक्कल" हा शब्द कुणी उच्चारला की अंबाड्यातली पेन्सिल काढून पुन्हा खोचायच्या.

समिती आली ती धानकापणीच्या दिवसांत. तिघे होते, पण बोलायचे एकटे प्रमुख. अलिबागकडचे, जाड चष्म्याचे, स्वतः चांगले चित्रकार. चौकशीसाठी त्या तुकडीतल्या सगळ्या मुलांना बोलावून घेतलेलं होतं. ती ओसरीत भिंतीला टेकून बसली होती. प्रमुखांनी गिरणीच्या फरशीवर सगळी उत्तरचित्रं ओळीनं मांडली आणि एवढंच म्हणाले, "बघा."

आम्ही बघितलं. प्रत्येक चित्रात समुद्र होता, मावळता सूर्य होता, होडी होती. आणि प्रत्येक चित्रात समुद्राच्या पलीकडे मातीची लांब पाळ होती. पाळीवर डाव्या बाजूला शिंदीची तीन झाडं, त्यातलं मधलं वाकलेलं. एकूण एक चित्रात.

"बाई, समुद्राला पलीकडची पाळ असते का?"

"मले काय माहीत? मी कुठी पाह्यला?"

"चूक एकाची असती तर मी समजू शकलो असतो. सगळ्यांची एकच चूक, तीही झाडासकट. याला दुसरा शब्द आहे का?"

अध्यक्ष घाम पुसत होते. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, पण बाई फरशीवर उकिडव्या बसल्या होत्या आणि एकेका चित्रातल्या त्या वाकड्या शिंदीवर बोट ठेवत पुढे सरकत होत्या. शेवटच्या चित्राशी थांबल्या. पेन्सिल काढली, खोचली.

"साहेब, नक्कल झाली हाये," त्या म्हणाल्या.

अध्यक्षांनी डोक्याला हात लावला. ओसरीतून यशोदाचा आवाज आला, "नाई बाई! कोणीच नाई पाह्यलं कोणाचं!"

"तू चूप राय. साहेब, जीप काढा. कोणाची नक्कल झाली ते दाखवतो तुमाले."

आमच्याकडे बायासुद्धा 'दाखवतो' म्हणतात. साहेबांना तेही नवीन असावं.

आमच्या झाडीपट्टीत धान कापून झालं की गावोगाव नाटकं सुरू होतात. मोकळ्या झालेल्या बांध्यांत, म्हणजे धानाच्या खाचरांत, मंडप पडतो, आणि नाटकापेक्षा पडद्यांवर लोकांचा जीव जास्त. जंगलाचा पडदा, राजवाड्याचा पडदा, रस्त्याचा पडदा. पुष्कळसे पडदे आमच्याच गिरणीत रंगले होते, हिवाळ्यात मुलांचा तो अभ्यासच असे. हे पडदे गाडीत घालून मंडळ्यांसोबत हिंडणारे दादाजी मूल शहराच्या पुढच्या एका गावात उतरलेले होते. आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार होती. दादाजी धानाच्या खुंटांवर बसून जेवत होते.

"दादाजी, दर्याचा पडदा सोड."

"आज दर्या नाई न बाई. आज कोर्ट हाये."

"सोड म्हणतो न."

दादाजींनी उष्ट्या हातानंच इशारा केला, दोन गड्यांनी दोर सोडले, आणि भर उन्हात तो पडदा उलगडत खाली आला. निळंशार पाणी, सूर्य, होडी. पाण्यापलीकडे लांबच लांब पाळ. डाव्या बाजूला तीन शिंदी, मधली वाकडी.

साहेब बराच वेळ बघत राहिले. मग जवळ जाऊन त्यांनी पाळीवरून हात फिरवला.

"हे कुणी काढलं?"

"मी. विद्यालय निघालं त्या साली. दादाजीले दर्या पायजे होता. मी आमच्या गावच्या तलावावर जाऊन बसलो अन् काढून आणला. पाणी म्हणजे पाणी, असं वाटलं मले. ह्या पोट्ट्यायनं मायच्या मांडीवर बसून हाच दर्या पाह्यला साहेब, दर हिवाळ्यात. तुमी म्हणलं आठवून काढा, त्यायनं आठवून काढलं."

"सिनेमात तरी पाहिला असेल समुद्र."

"सिनेमात हिरोले पायते का समुद्राले?"

साहेबांच्या चष्म्याआड काहीतरी हललं, पण आवाज तसाच होता. "म्हणजे नापास करायचं तर तुम्हाला करायला हवं."

"करा न. प्राचार्य बदला म्हणून लिहा, मी सही देतो. पण पोट्ट्यायले चोर म्हणू नोका. अन् पटत नसन तर उद्या बसवा त्यायले पुन्हा. विषय कोणता बी द्या, फक्त पाह्यलेला द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेबांनी मुलांना लांब लांब बसवलं. दोघे सहकारी दोन टोकांना उभे. साहेब ओळीतून फिरत यशोदाशी थांबले आणि तिचं गाव विचारलं, तिथे काय भरतं ते विचारलं. मग फळ्याकडे जाऊन त्यांनी लिहिलं, 'आठवडी बाजार'.

बाई आत आल्याच नाहीत. बाहेर कडुलिंबाखाली, दाराकडे पाठ करून, तलावातले ताजे शिंगाडे सोलत बसल्या. मी जाऊन शेजारी बसलो.

"भीती नाही वाटत बाई?"

"मी काऊन भेऊ? पेपर त्यायचा हाये."

असं म्हणाल्या खऱ्या, पण सोललेल्या शिंगाड्यांचा ढीग वाढत गेला आणि त्यातला एकही त्यांनी तोंडात टाकला नाही. घंटा झाली तेव्हा अख्खी टोपली सोलून झाली होती. त्या बाईवर माझा जीव जडला तो तिथे. धीट माणसं पुष्कळ पाहिली, पण भीती अशी शिंगाड्यांत सोलून ठेवणारं दुसरं कुणी नाही पाहिलं.

चित्रं पुन्हा त्याच फरशीवर मांडली. या वेळी बघायला साहेब खाली वाकले आणि वर यायलाच तयार होईनात. एका कागदावर नुसते बैलांचे पाय आणि त्यांतून दिसणारा धुळीचा उजेड. एकावर तराजूचा काटा आणि त्याकडे लागलेले चार जणांचे डोळे. एकावर हजामापुढे मान वाकवलेला म्हातारा, मागे रांगेत कंटाळलेली नातवंडं. एकासारखं दुसरं नाही. खोडरबर न लागलेल्या रेघा, चुकलेल्या, सावरलेल्या, सगळ्या जागच्या जागी. यशोदाच्या कागदावर खाली सुक्या मासळीचे वाटे होते, आणि वर गिऱ्हाइकांचे नुसते पाय आणि वाकलेले हात.

"यात चेहरे का नाहीत?" साहेबांनी विचारलं.

यशोदा उभी राहिली. "बसून विकताना पायच दिसते, सर. चेहरा वाकला तं दिसते. वाकलं नाई कोणी."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. एका सहकाऱ्यानं विचारलं, अहवालात काय लिहायचं. ते म्हणाले, "लिहा, नक्कल नाही. सदोष पडदा." मग बाईंकडे वळून, "आणि बाई, एकदा मुंबईला या. समुद्राशी तुमची ओळख करून देणं आता माझ्यावर आलं."

"येईन न. पोट्ट्यायचं काम निघालं का येईन," बाई म्हणाल्या आणि शिंगाड्यांची टोपली त्यांच्यापुढे सरकवली. साहेबांनी बसून ते खाल्ले.

निकाल लागला, सगळे उत्तीर्ण. यशोदा आश्रमशाळेत रुजू झाली आणि पहिल्याच महिन्यात तिच्याकडून भिंतीसाठी चित्र आलं. कुणा मुलीनं काढलेली मोहाच्या झाडाखालची आई, टोपली आणि टोपलीत झोपलेलं कुत्रं. पुढे त्याच तुकडीतला एकजण पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढू लागला, दुसऱ्यानं राजुऱ्याकडे स्वतःचे वर्ग काढले. आणि दोन-तीन वर्षांनी यशोदाचं एक मोठं चित्र राज्याच्या प्रदर्शनात बक्षिसाला निवडलं गेलं. चित्र तेच, पायांचं, फक्त आता रंगात आणि भिंतभर. पोट्टीचं काम निघालं, तेव्हा बाई मुंबईला निघाल्या. सोबत मी.

बक्षीस समारंभात बाईंनी टाळ्या वाजवल्या, यशोदाच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच साहेबांना म्हणाल्या, "दाखवा आता." संध्याकाळ होती. साहेबांनी आम्हाला किनाऱ्यावर आणून सोडलं आणि स्वतः शहाण्यासारखे मागे थांबले. मीही समुद्र पहिल्यांदाच बघत होतो, पण मी जास्त बघितलं ते बाईंना. कपाळावर आडवा हात धरून त्या पलीकडे बघत राहिल्या. डावीकडून उजवीकडे, पुन्हा उजवीकडून डावीकडे.

"नाईच हाये पाळ," शेवटी म्हणाल्या. मग पेन्सिल काढून वहीत एक आडवी रेघ ओढली आणि वही मिटली. "एवढीच रेघ काढाची होती. अन् आमच्या पोट्ट्यायनं तिच्यावर झाडं लावली, पाळ बांधली. ज्यादाच काम केलं न साहेब? मंग निकाल काऊन अडवला?"

साहेब वाळूत बसून हसले.

त्यानंतरच्या हिवाळ्यात मला वर्ध्याकडे नोकरी मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी निरोप घ्यायला गिरणीत गेलो, तर बाई नव्हत्या. दादाजींकडे गेल्या आहेत, असं मुलांनी सांगितलं. मी सायकल घेतली. जवळच्याच गावात मंडप पडलेला होता, आणि भर दुपारी रिकाम्या बांधीत दर्याचा पडदा खाली सोडलेला. बाई शिडीवर उभ्या होत्या. भोवती गाव जमलं होतं. पाळीच्या किंचित वर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, त्या निळी रेघ ओढत होत्या. हातात फूटपट्टी नव्हती. रेघ कुठे हलली नाही.

दादाजी खाली शिडी धरून उभे होते आणि त्यांची कुरकूर चालली होती. "बाई, आता लोकं हासतीन. रेघ हाये त पाळ कायले? तो पांढरा रंग घ्या अन् पुसून टाका न ते झाडं, एका हातात होते."

बाई थांबल्या. ब्रश त्या वाकड्या शिंदीजवळ होता. क्षणभर मला वाटलं, आज बाई पुसणार.

"पाळ नाई मोडत दादाजी," त्या म्हणाल्या. "तिच्यावर माही एक बॅच उभी हाये."

आणि पुढची रेघ ओढायला त्यांनी शिडी सरकवायला सांगितली.